धूर खाल्लाय का?

मराठी भाषेत माझ्या नावावर एकशे चौदा शब्द आहेत. म्हणजे माझं नाव त्यांच्यापुढे कुठे छापलेलं नाही. पण सरकारी कागदात 'श्वासप्रहरी', 'निवासी-वर्गवारी', 'विहित प्राणवायू-पातळी' असलं काही वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती आठी माझी समजा. नाव सुलभा, आणि लिहिणं असं की वाचणाऱ्याला घाम फुटावा. आमच्या कचेरीतले एकजण म्हणायचे, "बाई, तुम्ही नाव बदलून दुर्बोधा ठेवा." मी हसायचे. मला ते कौतुकच वाटायचं.

ज्या शब्दाने माझी आई गेली, तो मात्र मी घडवलेला नाही. तो आधीपासून होता. मी नुसता निवडला.

दोन हजार छत्तीसच्या साथीत राज्यातल्या वृद्धनिवासांची काय दशा झाली, हे आता सगळे विसरलेत. पोरं परगावी, परिचारिका मिळेनात, एकेका बाईच्या गळ्यात साठ-साठ खाटा. कितीतरी म्हातारी माणसं रोगाने गेलीच नाहीत. त्यांचा श्वास अडकला तेव्हा तिथे कुणी नव्हतं, म्हणून गेली. मग ओरड झाली, आणि ओरड झाली की मंडळ होतं, तसं श्वसनकाळजी मानक मंडळ झालं. वृद्धनिवासात राहणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासाची देखरेख कशी व्हावी, याचे नियम त्याने करायचे आणि मी ते मराठीत आणायचे.

नियमांच्या मुळाशी एक यंत्र होतं. श्वासप्रहरी. निवासातली म्हातारी मंडळी त्याला 'फौजदार' म्हणतात. छातीवर रुपयाएवढी चकती चिकटवायची. ती रक्तात प्राणवायू किती आहे ते मोजते, श्वास मोजते, आणि आकडा घसरला की नाकातल्या नळीतून प्राणवायू आपोआप वाढवते. खाटेच्या डोक्याशी दिवा असतो. आकडा पंचाण्णवच्या वर असला की हिरवा, खाली गेला की लाल. पडद्यापुढे बसलेला एक डॉक्टर अकरा निवास सांभाळतो आणि फक्त लाल खाटा बघतो. हिरव्यांकडे बघावं लागू नये, हाच तर यंत्राचा फायदा.

एक मेख होती, आणि ती मंडळाला पक्की ठाऊक होती. सगळ्यांनाच भरपूर प्राणवायू मानवत नाही. आपण श्वास घेतो तो मुख्यतः रक्तात कर्बवायू साचतो म्हणून. तो साचला की मेंदू हुकूम सोडतो, टाक बाहेर. पण ज्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं धुराने खराब झालीत, त्यांच्यात थोडा कर्बवायू कायमच अडकून राहतो आणि शरीर त्याला सरावतं. अशा माणसाला हौसेने जास्त प्राणवायू दिला, तर श्वास मंदावतो, फुप्फुसाच्या निकामी भागातूनही रक्त उगाच फिरू लागतं आणि कर्बवायू चढत जातो. तो चढला की माणसाला गुंगी येते. गाल लाल दिसतात, हात उबदार लागतात, माणूस गाढ झोपल्यासारखं वाटतं. आणि चकती मोजते फक्त प्राणवायू. तो तर मुबलक असतो. म्हणजे माणूस बुडत असतो आणि दिवा हिरवा असतो.

म्हणून वर्गवारी होती. निरोगी फुप्फुसांचा वर्ग 'अ', त्याला पंचाण्णवच्या वर ठेवायचं. धुराने गेलेल्या फुप्फुसांचा वर्ग 'ब', त्याला अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मध्येच ठेवायचं आणि दर आठवड्याला मनगटातून रक्त काढून कर्बवायू तपासायचा. कोण कुठल्या वर्गात, हे दाखल होतानाच्या एक्केचाळीस प्रश्नांवरून यंत्र ठरवणार. त्यातला कळीचा प्रश्न सतरावा. इंग्रजी मसुद्यात त्याचा अर्थ सरळ होता: या माणसाच्या छातीत आयुष्यभरात किती धूर गेला? विडीचा, चुलीचा, कारखान्याचा, कसलाही.

मराठी प्रश्नावलीवर पुण्यात बैठक झाली. ती पहिल्यांदा वापरून बघायची होती सांगलीजवळच्या 'कृष्णाकाठ निवासा'त, म्हणून तिथल्या एका परिचारिकेला बोलावलं होतं. मार्था आवळे. मिरजेची, पन्नाशीची, तीस वर्षं छातीच्या रोग्यांत काढलेली. सतराव्या प्रश्नाला तिने हात वर केला.

"मॅडम, हे असं विचारलं तर आमच्याकडच्या बायांना कळायचं नाही. त्या म्हणतात, धूर खाल्ला. तसंच विचारा की. 'जन्मात धूर खाल्लाय का? किती वर्षं?' पटकन सांगतील."

टेबलाभोवती हशा पिकला. मी चष्मा काढला. चष्मा काढून बोलले की माझं म्हणणं लोक ऐकतात, असा माझा अनुभव होता.

"सिस्टर, धूर खातात होय? आपल्या पूर्वजांनी तो प्यायला आहे. म्हणून तर धूम्र-पान. 'निवासीस धूम्रपानाची सवय होती काय?' नेमका, प्रमाण, सर्वांना ठाऊक असलेला शब्द."

"पण मॅडम, धूम्रपान म्हणजे विडी-सिगारेट झाली..."

"ग्राम्य प्रयोग मानकात येत नाहीत," मी म्हणाले. तो शैलीपुस्तिकेतला नववा नियम. पुस्तिका मीच लिहिली होती. डॉक्टर मंडळींनी घड्याळं बघितली, माना डोलावल्या, आणि सगळे जेवायला उठले.

आता खरं सांगते. 'धूर खाणं' हा शब्द मला नवा नव्हता. तो माझ्या घरातला होता. म्हणूनच तो मला त्या टेबलावर नको होता.

आमची चुरमुऱ्यांची भट्टी होती, जयसिंगपुरात. आम्ही भोई. बाप लवकर गेला, मग आईनेच भट्टी ओढली, बेचाळीस वर्षं. मोठ्या कढईत तापलेली वाळू, त्यात खारवलेले तांदूळ टाकायचे, ते तडतडून फुलले की चाळणीने वाळू गाळायची. भट्टीच्या तोंडात भाताचं तूस ढकलायचं. तूस जळतं कमी आणि धुमसतं जास्त. आई संध्याकाळी बाहेर यायची तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कडा लाल असायच्या. तांब्याभर पाणी प्यायची आणि खोकत म्हणायची, "खाल्लो बाई आज पोटभर. चुरमुरं न्हवं, धूर."

माझ्या गणवेशाला त्या धुराचा वास यायचा. शाळेतल्या मुली मला 'भडंग' म्हणायच्या. पाचवीत मी ठरवलं की असं मराठी बोलायचं की कुणाला वास येणार नाही. 'आये'ची 'आई' केली. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी खातो' म्हणतात. मी 'जाते, खाते' केलं आणि आईलाही करायला लावायचा चंग बांधला. "जाते म्हण, आई." "बरं बाई, जाते," म्हणायची आणि पुढच्या वाक्याला 'येतो मी' म्हणत निघायची. ती कधी सुधारली नाही. मी मात्र इतकी सुधारले की शेवटी नियम लिहायला बसले.

गेल्या वर्षी थंडीत आईला न्यूमोनिया झाला. त्यातून उठली, पण दम राहिला. एकोणऐंशी वर्षांची, जयसिंगपुरात एकटी, मी पुण्यात. मी तिला 'कृष्णाकाठ'मध्ये ठेवलं. माझ्या मानकांची पहिली परीक्षा तिथे झाली होती. त्याहून सुरक्षित जागा कोणती, असं मला वाटलं. अभिमानाने वाटलं, हेही लिहून टाकते.

दाखल करताना बोलकं यंत्र होतं. ते विचारतं, माणूस उत्तर देतो, कागद भरत जातो. आई त्याच्यापुढे ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी शेवंता भोई. चुरमुरं भाजतो."

यंत्राने लिहिलं, 'पुरुष'.

खिडकीतला कारकून हसला. आईही हसली. मागे रांगेत चार माणसं होती, तीही हसली. माझे कान तापले. पुन्हा मी पाचवीत होते. "राहू दे, मीच भरते," म्हणून मी यंत्राचा आवाज बंद केला आणि पडद्यावर स्वतः टंकू लागले. लिंग: स्त्री. व्यवसाय: इथे माझं बोट क्षणभर थांबलं. मग मी लिहिलं, गृहिणी. प्रश्न सतरा: निवासीस धूम्रपानाची सवय होती काय? मला जरा रागच आला. माझी आई आणि विडी? मी ठासून 'नाही' केलं.

एकदाही डोक्यात आलं नाही. मुळात काय विचारायचं होतं ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. इंग्रजी प्रश्न मी स्वतः वाचला होता, तीनदा वाचला होता. पण माझाच मराठी शब्द समोर आला आणि त्याने मला इतर कुणासारखंच फसवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या बाबतीत कळसा काखेतच बुडाला.

वर्ग 'अ'.

तीन आठवड्यांनी शनिवारी मी भेटायला गेले. आई खाटेवर मांडी घालून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या गौराक्काशी तावातावाने बोलत होती. गौराक्का आईच्याच वयाची. उभा जन्म गुऱ्हाळावर, गुळाच्या कढईखालच्या चुलवाणात उसाचं पाचट घालण्यात गेलेला. दोघींचं भांडण चाललं होतं की जास्त धग कुणाची, भट्टीची की चुलवाणाची.

"सुली आली बघ!" आई म्हणाली. "गौरे, ही माझी लेक. सरकारी भाषा हीच करती."

"आसं व्हय? मग ती कळंल आशी कर की गं बाई," गौराक्का म्हणाली.

मी हसणार होते, पण माझी नजर आईच्या डोक्याशी गेली. दिवा लाल. आकडा एकोणनव्वद. आणि खाटेपाशी मार्था उभी. यंत्राला डावलून प्राणवायू हाताने कमी-जास्त करायच्या चाकावरचं झाकण उघडं, तिचा हात चाकावर. ती कमी करत होती.

"हे काय चाललंय?"

मार्थाने मला ओळखलं. "मॅडम, त्यांना जास्त होतोय. मागच्या आठवड्यात सारख्या पेंगत होत्या. सकाळी उठल्या की डोकं ठणकतंय म्हणायच्या, हात थरथरायचे. मी थोडा उतरवला तशा बघा कशा बोलायला लागल्या. नव्वदच्या आसपास त्यांना मानवतं."

"मानक पंचाण्णवचं आहे."

"वर्ग 'अ'ला, हो. मला वाटतं ह्यांचा वर्ग चुकलाय. मी पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, कागदावर 'नाही' असं लिहिलंय, कागद बदलून आणा. मॅडम, ह्यांचं धुराचं काही..."

भेटीची वेळ होती, खोली भरलेली होती. माणसं बघत होती. आणि 'धूर' हा शब्द ती बाई माझ्या आईच्या संदर्भात, सगळ्यांच्या देखत बोलली होती.

"माझ्या आईने जन्मात विडीला हात लावलेला नाही," मी म्हणाले. "आणि तुमचा अनुभव मानकात बसत नाही, सिस्टर. तिला हवा कमी पडतेय, डोक्यावर लाल दिवा पेटलाय, आणि तुम्ही चाक उलटं फिरवताय!"

"सुली, तिला बोलू नगंस," आई म्हणाली. "ती आली की मला बरं वाटतंया."

"आई, तुला यातलं कळत नाही."

तिला यातलं काय कळत नव्हतं? बेचाळीस वर्षं आत ओढलेला धूर तिचा होता, छाती तिची होती. पण तेव्हा मला वाटलं, तिला कळत नाही.

खाली व्हरांड्यात बसून मी तक्रार लिहिली. 'निवासीच्या रक्तातील प्राणवायू हेतुपुरस्सर विहित पातळीखाली जाऊ देणे, ही मानकाच्या कलम चौदान्वये कर्तव्यच्युती होय.' कलम चौदा माझंच भाषांतर. एकही काना-मात्रा चुकली नाही. दोन दिवसांत मार्थाला खाटांवरून हलवून तळमजल्यावर कपडे धुण्याच्या विभागात टाकलं. निवासातून मला पत्र आलं: आपल्या दक्षतेबद्दल आभार.

दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

रोज संध्याकाळी साडेपाचला मी फोनवर आईला बघायचे. पहिल्या दिवशी थोडी बोलली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, डोकं जड झालंया. मी म्हटलं, पाणी पी. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता डोळे मिटत होते. मार्थाच्या जागी आलेली नवी मुलगी पडद्यात डोकावून म्हणाली, "आजी फार गुणी आहेत. काही त्रास नाही. मस्त झोपतात. आकडा सत्त्याण्णव!" गाल कसे गुलाबी दिसत होते. मला वाटलं, चला, अंगी लागलं. चौथ्या दिवशी आईने कष्टाने डोळे उघडले.

"सुली."

"बोल, आई."

"झोपतो मी."

आणि मी, पंचावन्न वर्षांची बाई, सवयीने म्हणाले, "झोपते म्हण गं."

ती थोडंसं हसली. शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "झोपते."

आईचं शेवटचं वाक्य प्रमाण मराठीत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची ताटं उचलायच्या वेळेला, तिचा श्वास थांबला. दिवा लाल झाला तो त्यानंतर. तोपर्यंत आकडा अठ्ठ्याण्णव होता. अहवालात लिहिलं होतं: 'वार्धक्य. विहित मानकांचे पूर्ण पालन झाल्याचे आढळले.' 'आढळले' हा क्रियापदाचा प्रकारही मीच रूढ केलेला. त्यात कुणी काही केलेलं नसतं, सगळं आपोआप आढळतं.

चौदाव्या दिवशी मी आईचं सामान आणायला गेले. ते तळमजल्यावर, कपड्यांच्या विभागात मिळणार होतं. मार्था टेबलावर आईचं लुगडं घडी करत होती. मला बघून तिने हात थांबवले नाहीत.

"बसा, मॅडम."

मी बसले. ती मला शिव्या घालील म्हणून तयारीने गेले होते. तिने घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने लुगड्याची घडी माझ्या मांडीवर ठेवली.

"चार-पाचदा धुतलंय मी हे, इथे खाली आल्यापासून," ती म्हणाली. "वास जात नाही. तुसाचा ना? आमच्या मिरजेतही होती एक चुरमुऱ्यांची भट्टी. वर खाटेपाशी असतानाच मला वासावरून कळलं होतं. त्यांना विचारलंही. म्हणाल्या, बेचाळीस वर्षं खाल्लो बाई धूर. मग मी कागद काढून बघितला. गृहिणी, आणि धूम्रपान नाही. तेच तुम्हाला सांगत होते त्या दिवशी. तुम्ही बोलूच दिलं नाही."

मी लुगडं नाकाशी नेलं. होता वास. मी ज्याच्यापासून जन्मभर पळाले, तो. तिथेच, त्या ओल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात, मी मोठ्याने रडले. मार्थाने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. तिने दुसरं लुगडं घडी करायला घेतलं.

रडणं थांबल्यावर मी विचारलं, "अशा अजून किती आहेत वर?"

"बायका अडतीस. सगळ्यांच्या कागदावर सतराव्या प्रश्नाला 'नाही'. खेड्यातल्या बाईला विचारता, धूम्रपान करता का? ती काय 'हो' म्हणेल? आणि चुलीपुढे न बसलेली त्यातली एक दाखवा मला. सगळ्याच काही आजारी नसतील. पण बघायला तर हवं. गौराक्का परवापासून पेंगतेय, असं वरची मुलगी सांगत होती. मी जाऊ शकत नाही. माझ्या हाताने झाकण उघडलं तर घरी बसवतील."

त्याच दिवशी मी मंडळाला सुधारणा पाठवली. अगदी तातडीची म्हणून. 'प्रश्न सतरा पुढीलप्रमाणे वाचावा: जन्मात धूर खाल्लाय का? कशाचा? किती वर्षं?' खाली कारण लिहिलं, आईचं नाव लिहिलं, माझी चूक लिहिली. वर्गवारी पुन्हा करेपर्यंत सगळ्या स्त्री-निवासींच्या रक्तातला कर्बवायू तपासावा, अशी विनंती केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलाने, परांजप्याने, लिहिलं होतं. अतिशय शुद्ध होतं. 'आपल्या वैयक्तिक हानीबद्दल मंडळ सहवेदना व्यक्त करते. तथापि प्रस्तावित शब्दयोजनेतील "धूर खाणे" हा प्रयोग ग्राम्य असून शैलीपुस्तिकेतील नियम नऊशी विसंगत आहे. प्रमाण पर्याय सुचविल्यास आगामी बैठकीत विचार करता येईल. कर्बवायू-तपासणीची विनंती वर्गवारीवर अवलंबून असल्याने स्वतंत्रपणे विचारार्थ घेता येत नाही.'

आगामी बैठक दोन महिन्यांनी होती. मी पत्र दोनदा वाचलं. काढण्यासारखी एकही चूक नव्हती. चांगला शिकवला होता मी त्याला.

दुपारच्या गाडीने सांगलीला गेले. भेटीच्या वेळेत सरळ वर गेले. आईच्या खाटेवर दुसरं कुणी होतं. शेजारी गौराक्का झोपली होती, तोंड किंचित उघडं, गाल लाल. हात हातात घेतला, गरम. हाक मारली, हलवलं. "ऊं" एवढंच. डोक्याशी हिरवा दिवा, आकडा सत्त्याण्णव.

झाकणाला कुलूप नसतं. उघडणाऱ्याचा चेहरा यंत्र टिपून ठेवतं, म्हणून कुलपाची गरज पडत नाही. मी उघडलं. मार्थाने सांगितलं होतं, एकदम नाही, थोडं थोडं, आणि नव्वदच्या खाली नाही. मी चाक थोडं फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. चौऱ्याण्णवला दिवा लाल झाला आणि घंटी सुरू झाली.

नवी मुलगी धावत आली. "मॅडम, काय करताय! बाजूला व्हा!"

मी झाकणाला पाठ लावून उभी राहिले. "डॉक्टरांना बोलव."

"अहो, कलम चौदा..."

"पाठ आहे मला. डॉक्टरांना बोलव. आता खाट लाल आहे, आता त्यांना बघावंच लागेल."

पडद्यावर डॉक्टर आला. दमलेला, तरुण. आधी माझ्यावर ओरडला. मी त्याला सांगितलं: पंचेचाळीस वर्षं चुलवाण, पाचट, चार-पाच दिवसांची गुंगी, सकाळची डोकेदुखी, शेजारच्या खाटेवरची बाई अशीच गेली, ती माझी आई. मनगटातून रक्त काढा. एकदाच काढा. नाही निघालं काही, तर मला पोलिसांत द्या. त्याने गौराक्काचे आकडे चाळले. मग म्हणाला, "रक्त काढा. आणि... चाक तसंच राहू द्या. नव्वद."

रक्त काढून नेलं. मी खुर्ची ओढून बसले. घंटी चालूच होती. झाकण उघडणारा चेहरा परिचारिकेचा नसला, तर ती बंद करायची सोय यंत्रात नाही. आजूबाजूच्या बाया कानांवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. अर्धा तास गेला असेल, पाऊण तास. गौराक्काच्या पापण्या हलल्या. तिने डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग लाल दिव्याकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ ओळख पटेना. गुंगीत तिचे मधले पंधरा दिवस पुसले गेले असावेत.

"शेवंताची सुली न्हवं तू?"

"हो, मावशी."

"लई झोपलो बघ," ती म्हणाली. मग मान वळवून तिने आईच्या खाटेकडे बघितलं. तिकडे पाठ करून कुणीतरी निजलं होतं. "तुझी आय उठली का गं? मगाधरनं हाका मारतोय, ओ देत न्हाई."

एकशे चौदा शब्द आहेत माझ्या नावावर.

"न्हाई उठली, मावशी," मी म्हणाले. "माझ्यामुळं न्हाई उठली."

गौराक्काने कानामागे हात धरला. "काय म्हंतीस? ह्या घंटीत काय बी ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल की!"

सगळ्या बाया बघत होत्या. मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने.